बाळंतिणीचा मियोक

३ मार्च १९७९, शनिवार

योन-शिम दुपारच्या बसने घरी आली. नववा लागलाय. जावई, मिन जुंग-ह्योक, तिला दारात सोडून जेवायलाही न थांबता त्याच बसने पुसानला परतला. कंपनीत जायचं होतं म्हणे. शनिवारी कंपनी अर्धा दिवस असते, हे मला ठाऊक नाही असं त्याला वाटतं.

पोरगी खोलीत शिरल्या शिरल्या चुलीच्या उबेने खालून तापलेल्या गरम फरशीवर आडवी झाली आणि म्हणाली, "अप्पा, तुमच्याच घरात पाठ टेकते." मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. कांदा चिरत नव्हतो.

हिची आई जाऊन सहा वर्षं झाली. तरी पहिलं बाळंतपण माहेरचं, हे मी लग्नातच ठरवून ठेवलं होतं. नवीन वर्षाच्या जेवणाला विहीणबाई काय म्हणाल्या ते इथे लिहून ठेवतो, म्हणजे विसरायला नको. वीस माणसं बसलेली. त्यांनी चमचा खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "व्याहीबुवा, ज्या घरात बाई नाही, तिथे शेवटचे आठवडे पोरीला कोणाच्या भरवशावर ठेवायचं?"

मी हसलो. मी नेहमी हसतो. हमाली करत होतो तेव्हा पाठीवर पोतं असायचं आणि तोंडावर हसू. आज गिजांगच्या किनाऱ्यावर मियोक, म्हणजे समुद्राचं खायचं शेवाळ, वाळवणारी सगळ्यात मोठी वखार माझी आहे आणि हसू तेच आहे. पण ऐकलेलं मी विसरत नाही. लग्नात मी पाठवलेली रेशमी रजईसुद्धा त्यांनी परत केली होती, "आमच्याकडे आहेत" म्हणून. तीही विसरलो नाही.

आता पाळी माझी. बाळंतिणीच्या कढणाचा मियोक सासरच्यांनीच आणायचा. हातभर रुंद, माणसाएवढा लांब, कुठेही घडी न पडलेला. त्याचा भाव करायचा नाही; दुकानदार सांगेल ते मुकाट्याने द्यायचं, नाहीतर बाळाचं आयुष्य तुटतं. आणि तसला लांब मियोक या मोसमात कोणाकडे असेल, ते मी ठरवणार आहे.

५ मार्च

सकाळपासून किनाऱ्यावरचे सगळे व्यापारी फिरून आलो. प्रत्येकाबरोबर एक पेला माक्कोली प्यालो, त्यामुळे हे अक्षर जरा नाचतंय. सगळ्यांना एकच सांगितलं: खडकावरचा लांब माल यंदा मला द्या, बाकीचा कापून जुड्या बांधा. कोणी कारण विचारलं नाही. माझ्याकडे कारण असतंच, हे त्यांना माहीत आहे. पुसानच्या बाजारात दोघे ओळखीचे आहेत, त्यांनाही निरोप गेला.

आता विहीणबाईंनी पुसान पालथं घातलं तरी बाळंतिणीचा अखंड मियोक मिळायचा नाही. शेवटी इथे, माझ्या वखारीत, ओल्या दोऱ्यांखालून वाकून यावं लागेल. मग मी भाव सांगेन. असा सांगेन की त्यांचे कान गरम होतील. आणि त्यांना 'जरा कमी करा' म्हणायची सोय नाही. त्या बाईंना कोणासमोर गप्प बसलेलं अजून कोणी पाहिलेलं नाही. मला पाहायचंय.

योन-शिमला यातलं काही सांगितलं नाही. ती बाळाची लंगोटं धुऊन मासळीच्या दोरीवर वाळत घालत होती. पोट खाली उतरलंय, म्हणाली, आता श्वास बरा घेता येतो, पण दर थोड्या वेळाने परसात जावं लागतं.

६ मार्च, मंगळवार

दर मंगळवारी पुसानच्या डॉक्टरकडे तपासणी, हा विहीणबाईंचा हुकूम. डॉक्टर त्यांचा, वेळ त्यांची, आणि तिथे त्या स्वतः येऊन बसणार. म्हणजे माझी पोरगी माझ्या घरात असूनही दर आठवड्याला हजेरी त्यांच्याकडे.

मी म्हटलं, रस्ता खणलाय, बस आदळते, या आठवड्यात नको. ती लगेच हो म्हणाली. दमलीच होती. रस्ता खणलाय हे खरं आहे, पण बस आदळते तेवढी नेहमीच आदळते.

रात्री तिला खारवलेल्या माशांच्या अंड्यांशी भात हवा होता. दोन वाट्या खाल्ल्या. बाई नसलेल्या घरात पोट रिकामं राहत नाही.

९ मार्च

पिल-न्योबाई, जी माझ्याकडे वीस वर्षं मियोक वाळवते आणि जिच्या जिभेला सुट्टी नसते, आज म्हणाली, "मालक, पोरीचे पाय बघितलेत का? माझ्या गमबुटात मावायचे नाहीत." मी म्हटलं, नवव्या महिन्यात पाय सुजणार नाहीत तर काय तुझी जीभ सुजेल? सगळ्या हसल्या. ती नाही हसली. तिला टोमणा लागला असावा. संध्याकाळी सुके मासे दिले.

जावयाचा फोन वखारीत येतो. रोज येतो. रोज मी सांगतो, झोपली आहे. हे बऱ्याचदा खरंही असतं, हल्ली ती दिवसाही झोपते. पण उठवून आणायला पन्नास पावलं आहेत, ती मी चालत नाही. ती विचारते तेव्हा सांगतो, त्याला वेळ नव्हता. नवरा पोचवायला येतो आणि जेवायला थांबत नाही, त्याला थोडं वाट बघणं शिकवलं पाहिजे. घरी जाऊन आईला सांगेल. सांगू दे.

११ मार्च, रविवार

आज मला सगळं कळलं.

सकाळी भात वाढताना पाहिलं, तिच्या बोटात लग्नाची अंगठी नाही. साबण लावून काढली असणार, बोटावर लाल वळ होता. मी काही विचारलं नाही. विचारून काय मिळतं. बघून जास्त मिळतं. दार बंद, पडदा ओढलेला. उजेड नको म्हणते. डोकं दुखतं म्हणते. डोळ्यांपुढे चांदण्या नाचतात म्हणते. बायका रडणं लपवतात तेव्हा हेच सांगतात. हिची आईही सांगायची. चेहरा सुजलेला, पापण्या जड. रात्रभर रडली असणार.

म्हणजे त्या घरात काहीतरी झालंय, आणि माझी पोरगी माझ्यापासून लपवते आहे. आतापर्यंत मी त्या बाईशी गंमत करत होतो. आता गंमत नाही.

दुपारी जुंग-ह्योक आला. हातात नाशपातीची पेटी. अंगणातच अडवलं. म्हटलं, तिला तुम्हाला भेटायचं नाही. तो पांढरा पडला. "असं ती म्हणाली?" मी म्हटलं, न बोलता म्हणाली. तो म्हणाला, "बाबा, ती आजारी आहे का?" मी म्हटलं, डोकं दुखतंय, अंधारात पडून आहे, आणि अंगठी काढून ठेवली आहे; याचा अर्थ तुमच्या आईला विचारा.

तो पेटी ओट्यावर ठेवून थोडा वेळ तसाच उभा राहिला. मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायचं त्याला शिकवलेलं नाही. गेला. मला वाटलं होतं मजा वाटेल. तशी वाटली.

नाशपाती मात्र गोड होत्या. योन-शिमने एक फोड खाल्ली आणि उलटी केली. कोणी आणल्या ते मी सांगितलं नव्हतं, तरी अंगाला कळतं.

१२ मार्च

पुसानच्या बाजारातून निरोप आला. करड्या रेशमातली एक बाई गेल्या आठवड्यात तीन दुकानं हिंडली, बाळंतिणीचा लांब मियोक मागत होती. तिन्हीकडून रिकाम्या हाताने गेली. एकाने माझ्या वखारीचं नाव सांगितलं.

दोनदा भात घेतला.

१३ मार्च, मंगळवार, सकाळी

बोटीवरच्या माणसाने सांगितलं, नाक्यावर पुसानची टॅक्सी उभी आहे आणि एक बाई वखारीचा पत्ता विचारते आहे. सदरा बदलला. सगळ्यात लांब सहा मियोक पुढे टांगले आहेत. हे लिहितो आणि बाहेर जातो.

१५ मार्च

हे पुसानमध्ये लिहितोय, इस्पितळाच्या बाकावर. परवाचं सगळं जसं झालं तसं लिहायचंय. सोडायचं काही नाही.

विहीणबाई आल्या. दोऱ्यांखालून वाकूनच आल्या. डोक्यावर पाणी ठिबकलं तरी त्यांनी पुसलं नाही. नमस्कारही घाईत केला आणि म्हणाल्या, "योन-शिम कुठे आहे?"

मी म्हटलं, झोपली आहे, बसा. पिल-न्योबाईला चहा सांगितला. त्या बसल्या नाहीत. म्हणाल्या, डॉक्टरकडून येते आहे, गेल्या मंगळवारी आली नाही, आजही वेळेवर पोचली नाही, मला तिला बघायचंय. मी हसून म्हटलं, बघालच की, आधी ज्या कामाला आलात ते उरकू. आणि टांगलेल्या मियोकवर हात ठेवून मी भाव सांगितला. आठवडाभर घोकलेला भाव.

त्यांनी मालाकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, "द्या." एवढंच. आणि परत, "ती कुठे आहे?"

मला राग आला. सगळा डाव त्या एका शब्दात गेला. मी मुद्दाम सावकाश दोर सोडायला घेतला. घडी पडू नये म्हणून लाकडी पट्टी शोधायला लागलो. पट्टी माझ्या पायाशीच होती. चहा आला, तो प्या म्हटलं. त्या उभ्या. किती वेळ गेला असेल? पिल-न्योबाई म्हणते, अर्धा तास. मी म्हणतो तेवढा नसेल. पण मोजणारी तीच होती.

मग घरातून आवाज आला. काहीतरी जड फरशीवर पडल्याचा.

विहीणबाई धावल्या. अंगण ओलांडून, ओटा चढून, बूट न काढता खोलीत शिरल्या. माझ्या घरात, हिच्या आईच्या तसबिरीसमोर, गरम फरशीवर, चिखलाचे बूट. मी मागून ओरडलो, "बूट." पोरगी आत पडलेली आणि मी हे ओरडलो. लिहायचं ठरवलंय म्हणून लिहितोय.

योन-शिम भिंतीशी पडली होती. दात घट्ट मिटलेले, सगळं अंग झटके देत होतं. विहीणबाईंनी तिला कुशीवर वळवलं, डोक्याखाली आपला हात घातला, आणि दुसऱ्या हाताने तिची नडगी दाबली. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. माझ्याकडे पाहून त्या म्हणाल्या, "डोकं कधीपासून दुखतंय?"

मी म्हटलं, शनिवारपासून.

"दिसत नव्हतं, उलटी, काही म्हणाली?"

मी म्हटलं, मला वाटलं रडते आहे.

त्यांनी पिल-न्योबाईला रजई आणायला सांगितलं. टॅक्सी नाक्यावर थांबवून ठेवली होती. पिल-न्योबाईने आणि मी रजईत घालून तिला उचललं. वाटेत आणखी एकदा झटके आले. बस आदळते म्हणून मी तिला नेलं नव्हतं, आणि आता तोच रस्ता. प्रत्येक खड्ड्याला मी ड्रायव्हरला शिव्या दिल्या.

पोट कापून बाळ काढलं. मुलगी. दोन किलोच्या जरा वर, काचेच्या पेटीत आहे. योन-शिम अजून शुद्धीवर नाही. डॉक्टर, तोच, विहीणबाईंचा, म्हणाला की शेवटच्या आठवड्यांत रक्तदाब असा चढतो. हात, तोंड सुजतं, डोकं दुखतं, डोळ्यांपुढे चमकतं. "बोटात अंगठी जाईनाशी होते," असंही म्हणाला. आणि हेच बघायला दर मंगळवारी बोलावतात, म्हणाला.

मी मान हलवत होतो, जणू मला ते माहीत होतं.

१६ मार्च

पहाटे शुद्धीवर आली. नजर अजून धूसर आहे, माणसं आवाजावरून ओळखते. दोन दिवसांत येईल म्हणतात. आधी बाळाचं विचारलं, मग नवऱ्याचं. तो बाजूलाच होता. त्याच्या हाताला धरून पडून राहिली. मी दाराजवळ उभा होतो. काही झालेलं नाही त्या दोघांत. कधीच झालेलं नव्हतं.

दुपारी बाकावर विहीणबाई शेजारी येऊन बसल्या. रेशमी स्कर्टवर अजून माझ्या अंगणाचा चिखल. मी बरंच काही जुळवून ठेवलं होतं बोलायला. त्यांनी बोलू दिलं नाही. समोर बघत म्हणाल्या,

"माझी थोरली असती तर आज तिशीची झाली असती. नवव्या महिन्यात तिचंही डोकं दुखत होतं. मी म्हटलं, झोप, बरं वाटेल." त्यांनी स्कर्टवरचा चिखल नखाने खरवडला. "त्या घरात बाई होती, व्याहीबुवा. मीच होते."

इतकं बोलून त्या उठल्या आणि औषधाच्या खिडकीकडे गेल्या.

मला त्यांचा राग आला. आणखीच आला. तीन महिने जपलेला अपमान त्यांनी माझ्या हातातून काढून घेतला, आणि हातात दुसरं काही दिलं नाही.

१७ मार्च

योन-शिमला आज कढण दिलं. विहीणबाईंनी घरी शिजवून डब्यातून आणलं होतं. मी झाकण उघडून पाहिलं. लहान तुकड्यांचा मियोक, जुडी बांधलेला, घड्या पडून कडा तुटलेल्या. बाजारात दुसरा नव्हता. नसणारच. किनाऱ्यावरचा सगळा अखंड मियोक माझ्या वखारीत टांगलेला आहे, आणि माझ्या नातीच्या नावाचं पहिलं कढण तुकड्यांचं झालं.

मी म्हटलं, उद्या मी आणतो, चांगला. त्या म्हणाल्या, एकदा शिजवलेला बदलत नाहीत. बरोबर आहे. हे गिऱ्हाइकाला मीच सांगतो.

पोरीने वाडगा संपवला. चव चांगली आहे म्हणाली.

१८ मार्च, रविवार

सकाळी खोलीच्या दाराशी पोचलो तर आत बोलणं चाललं होतं. थांबलो. दारामागचं ऐकायची सवय मला हमालीपासून आहे. मालक लोक काय बोलतात ते ऐकूनच मी दुकानदार झालो.

योन-शिम नवऱ्याला विचारत होती, तुम्हाला एवढे दिवस एक फोन करायला वेळ नव्हता का? तो म्हणाला, मी रोज करत होतो. मग ती म्हणाली, अप्पा म्हणाले वेळ नव्हता. आणि रविवारी तुम्ही आला होतात म्हणता, तर मला कोणी उठवलं का नाही? आणि डॉक्टरकडे मला...

त्याला सगळं माहीत होतं आणि तो गप्प होता.

तेवढ्यात विहीणबाईंचा आवाज आला, शांत, जेवणाच्या पाटावर असतो तसा. "मीच सांगितलं होतं व्याहीबुवांना. म्हटलं, प्रवास नको, फोनला उठवू नका, पोरीला झोपू दे. चूक माझी झाली. त्यांना काही बोलू नकोस."

मी बाहेर भिंत धरून उभा राहिलो.

ही बाई धूर्त आहे. मी पन्नास दुकानदारांना पाणी पाजलं, पण असा वार मला जमला नसता. आता मी जन्मभर तिच्यासमोर मान खाली घालून बसायचं. दर नवीन वर्षाला, दर वाढदिवसाला ती माझ्याकडे बघणार आणि काही बोलणार नाही. पोरगी माझ्याशी गोड बोलणार, आणि ते गोड बोलणं त्या बाईने दिलेलं असणार. मी तो सूड तिला लाभू द्यायचा नाही असं ठरवलं आणि दार ढकललं.

सगळं सांगितलं. उभ्या उभ्या. फोनचं सांगितलं, बसचं सांगितलं, अंगठीचा काय अर्थ लावला ते सांगितलं. मियोक अडवला तेही सांगितलं, आणि मंगळवारी या बाईंना चहा देऊन थांबवलं, तू आत पडलीस तेव्हा मी लाकडी पट्टी शोधत होतो, तेही.

विहीणबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, "गप्प बसता आलं नाही ना तुम्हाला?" मला वाटतं, डाव उधळल्याचा त्यांना राग आला. आवाज मात्र तसा नव्हता. कसा होता ते कळलं नाही.

योन-शिमची नजर आता आली आहे, ती माझ्याकडे बघत होती. बघत राहिली. मग भिंतीकडे वळली. टाक्यांमुळे तिला सावकाश वळावं लागलं आणि तिच्या तोंडून आवाज निघाला, तेव्हा जुंग-ह्योक आणि त्याची आई दोघंही पुढे झाली. मी पुढे झालो नाही. मला तो हक्क आहे की नाही ते ठरत नव्हतं.

बऱ्याच वेळाने ती भिंतीकडेच तोंड ठेवून म्हणाली, "दवाखान्यातून मी सासरी जाणार आहे. महिनाभर आई माझं करतील."

मी म्हटलं, बरं.

"तुम्ही आता जा, अप्पा."

मी टोपी घेतली. जावयाने दार उघडून धरलं. चपला घालत होतो तेव्हा आतून ती परत बोलली, तेवढ्याच आवाजात, कुणालाही सांगावं तसं.

"उद्या या. बाळाला पेटीतून काढणार आहेत."

गिजांगला परतलो तर अंधार पडला होता. पिल-न्योबाई वखारीत थांबली होती, पोरगी कशी आहे विचारायला. सांगितलं. मग म्हटलं, लांब माल सगळा उद्या बाजारात सोड, ज्याला हवा त्याला दे, मला इथे थांबता येणार नाही.

पहिली बस सहाला सुटते.